माहेरची हाडं

मुलीचं मनगट मोडलं ते घरातली अडकलेली खिडकी ढकलताना. पोस्टात टपाल वाटायची नोकरी लागून तिला वर्षही झालं नव्हतं. प्लास्टर वाळायच्या आत मुलीच्या आजीने निकाल देऊन टाकला, "आईवर गेली. माहेरची हाडं!"

मुलीची आई मोरीपाशी भांडी घासत होती. सासूबाईंचं हे ऐकायची तिला सवय होती. लॉन्ड्रीत ओल्या चादरी पिळताना तिचं स्वतःचं मनगट मोडलं, तेव्हापासून घरात ती 'काचबाई'. नवऱ्याने तिला नोकरी सोडायला लावली. "बस घरी, जिवाला जप." ती बसली. बसून बसून मणका खचला, उंची कमी झाली, वरच्या फळीवरचा डबा हाताला येईना. आणि घरातले म्हणत, बरं झालं हिला बसवलं, नाहीतर आणखी हाडं मोडली असती.

आता तोच नवरा लेकीला म्हणत होता, "राजीनामा देऊन टाक. आईसारखी गत नको व्हायला."

हाडांच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास?"

"हिच्या माहेरी," नवरा चटकन म्हणाला. "हिची आई पार वाकली होती. आमच्याकडे सगळे ठणठणीत."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "ठणठणीत? तुमचे वडील बुटक्या स्टुलावरून उठताना पडले, खुब्याचं हाड मोडलं, ते पुन्हा उभे राहिले नाहीत. भाऊजींची बरगडी शिंकताना मोडली. पाहुणे आले की तुम्हीच तो किस्सा रंगवून सांगता आणि सगळे पोट धरून हसतात. माझं मोडलं की माहेर निघतं, तुमचं मोडलं की गंमत?"

"ते वेगळं गं. बाबांचं वय झालं होतं."

"पंचावन्न!"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "हाडं ठिसूळ होणं दोन्ही घरांकडून येऊ शकतं. पुरुषांनाही होतं. तुमचीही तपासणी करू या."

"माझी? मला काय झालंय?"

"आईलाही काही झालं नव्हतं, मोडेपर्यंत," लेक म्हणाली.

"आणि हिची नोकरी?" तिने घाईघाईने विचारलं.

"हात बरा झाला की जाऊ दे. औषध घ्यायचं, जड पिशवी उचलायची नाही. पण चालणं हाडांना चांगलंच. घरी बसवून ठेवू नका."

घरी बसवून ठेवू नका! एवढी एक गोष्ट इतकी वर्षं कुणी विचारायलासुद्धा गेलं नव्हतं. सगळे आपापल्या अकलेने तिला जपत बसले होते.

बाहेर येताच नवरा पुटपुटला, "तरी मला वाटतं, राजीनामाच..."

"मला बसवलंत, मी बसले," ती म्हणाली. बाकावरचे लोक वळून बघायला लागले, तरी तिने आवाज खाली आणला नाही. "हिला बसवायचं असेल तर आधी मला उचलून बाजूला ठेवावं लागेल. आणि तुमची हाडं तपासून झाल्याशिवाय मला उचलायला येऊ नका."

लेक खुदकन हसली. नवरा निमूटपणे तपासणीच्या रांगेत जाऊन उभा राहिला.