तुरगुनने पियाला भरून दिला

कोकंद शहरातल्या त्या मोहल्ल्यातलं प्रत्येक डोकं नुरमत न्हाव्याच्या हाताखालून गेलेलं. कुणाच्या टाळूवर लहानपणीची खोक आहे, कुणाची सून रुसून माहेरी बसली आहे, कुणाचा मुलगा रशियातून फोन करत नाही, सगळं त्याला ठाऊक. कात्री चालू झाली की माणसं आपणहून बोलतात. त्यामुळे गल्लीत आपल्याला न कळलेलं काही उरत नाही, असा त्याचा पक्का समज होता. एका मंगळवारी दुपारी तो समज अर्ध्या मिनिटात मोडला.

दुकानासमोर पाण्याचा पाट, आणि पाटापलीकडे तुरगुनचा चायखाना. तीस वर्षं नुरमत दुपारचा पुलाव तिथेच खात आला होता. दोघे एकाच बाकावर शिकलेले. ताट तुरगुनची सून आणून ठेवी, पण चहाचा पहिला पियाला तुरगुनच्या हातचा. तोही तळाला घोटभर, कारण घोटभर ओतणं म्हणजे बस निवांत, संपला की मी पुन्हा ओततो. काठोकाठ भरून दिला तर त्याचा अर्थ तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतो: हा प्या आणि वाट धरा. त्या मंगळवारी तुरगुनने पियाला काठोकाठ भरला, अदबीने छातीवर हात ठेवला, हसला आणि पुलावाच्या कढईकडे निघून गेला.

आता हसायचं तर भरायचा कशाला, आणि भरायचा तर हसायचं कशाला? नुरमतला काही उमगेना. त्याने जीभ भाजत चहा संपवला आणि अर्धा पुलाव टाकून उठला. एखाद्याचा हात चुकतो, असं म्हणून बुधवारी पुन्हा गेला. बुधवारीही काठोकाठ, आणि तेच हसू.

रात्रभर तो आपले गुन्हे आठवत राहिला. गेल्या महिन्यात पुलावातलं गाजर जाड चिरलंय म्हणालो होतो. त्याच्या मुलाच्या लग्नात नवरदेवाची दाढी एका बाजूला जरा जास्त उतरवली होती, पण त्याला आता अकरा वर्षं झाली. बायकोला, सानोबरला, सांगितलं तर ती म्हणाली, "तुमच्या जिभेला हाड आहे कुठे? काहीतरी बोलून बसला असाल आणि विसरला असाल. जाऊन सरळ विचारा."

"काय विचारू? ज्याला हाकललं, त्यानेच दारात उभं राहून विचारायचं, का हाकललंस म्हणून?"

गुरुवारी तो पाटापर्यंत गेला, थबकला आणि स्टेशनकडे वळला. स्टेशनजवळच्या खानावळीतला भात म्हणजे नुसता गिचका. पण तिथे कोपऱ्यात कोण बसलेलं? गुलोम मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, तुरगुनकडचं रोजचं गिऱ्हाईक. मास्तर दचकले. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, म्हणून इतक्या लांब येतो, म्हणाले. नुरमतने तोंडाला चव नसल्याचं सांगितलं. दोघांनी एकमेकांच्या थापा निमूटपणे ऐकून घेतल्या आणि मान खाली घालून तो गिचका संपवला. शुक्रवारीही नुरमत पाटापासूनच मागे वळला.

शनिवारी मास्तर दाढीला आले. नुरमतने फेस लावला, अर्धा गाल साफ केला आणि वस्तरा गळ्याशी आल्यावर विचारलं, "मास्तर, खरं सांगा. तुरगुनकडे का जात नाही?"

"त्याने मला पियाला भरून दिला," मास्तर आरशात बघत म्हणाले. "चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, पण असा अपमान कुणी केला नव्हता. कुणाला सांगू नकोस."

नुरमतच्या डोक्यात पार गोंधळ माजला. एकाचं काही चुकलं असेल, पण मास्तर तर मुंगीलाही वाट देणारा माणूस. मास्तरांना अर्धवट दाढीत तसंच सोडून तो पाट ओलांडून गेला.

ऐन जेवणाची वेळ, आणि चायखाना ओस. सून मागे भांडी आवरत होती. कढईवर झाकण, आणि तिच्याशेजारी तुरगुन एकटाच. नुरमत पाच पावलांवर आला तरी त्याची नजर रस्त्यावरच.

"मी आहे," नुरमत म्हणाला.

तुरगुन लगबगीने उठला. डाव्या हाताने चाचपून त्याने पियाला शोधला. किटलीची तोटी दोनदा काठावर आपटली. त्याने अंगठा पियाल्याच्या कडेवरून आत वाकवला आणि चहा त्या अंगठ्याला लागेपर्यंत ओतत राहिला. अंगठा भाजून लालभडक झाला होता. पियाला काठोकाठ भरला.

"तुरगुन, तुला दिसत नाही?"

तुरगुनने किटली खाली ठेवली. "हळू बोल, सून ऐकेल. सहा महिने धुकंच होतं. मंगळवारी उठलो तर पियाल्याचा तळही दिसेना. घोटभर ओतला तर आत पडला की बाहेर तेच कळत नाही, म्हणून अंगठ्याला लागेपर्यंत ओततो." मग त्याने आवाज आणखी खाली आणला. "सगळ्यांना कळलं ना? म्हणूनच कुणी येत नाही. आंधळ्याच्या कढईत काय पडत असेल, अशी शंका येणारच."

नुरमतला स्वतःची भयंकर लाज वाटली. "कुणाला काही कळलेलं नाही," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, तू आम्हाला हाकलतोयस. भरून देत होतास ना."

हे डोक्यात शिरायला तुरगुनला वेळ लागला. मग तो बाजेच्या कडेवर बसला. "तुझी पावलं मला ओळखू येतात रे," तो म्हणाला. "गुरुवारी आली, शुक्रवारी आली. पाटापर्यंत यायची आणि वळायची. मी पुलाव वाढून बसलेला असायचो."

नुरमतने तो भरलेला पियाला दोन्ही हातांनी उचलला, तळापर्यंत प्यायला आणि रिकामा करून तुरगुनच्या हातात दिला.

"भर," तो म्हणाला.