कुडामागच्या मुंग्या

माझी फजिती मीच सांगते. गावाने सांगितली तर फार मीठ लावतील, आणि मीठ लावायचं काम सुकी मासळी विकणारीचं, म्हणजे माझं!

तारापूरला विजेचा कारखाना उभा राहत होता, तेव्हाची गोष्ट. मी बोईसरच्या बाजारात बोंबील विकायची. शाळा पाहिली नाही. मासळी बांधायला आणलेली रद्दी वाचून शिकले. त्यातच वाचलं: सारखी लघवी, तिला मुंग्या, म्हणजे मधुमेह!

आणि आमचे धनी? सकाळपासून सारखे घराच्या कुडामागे. जाऊन बघते, तर मुंग्यांची जत्रा! माझा बाप याच दुखण्याने गेलेला.

रडले? छे! हुकूम सोडला. भात बंद, गूळ बंद, होडी बंद. दोन्ही वेळ कारल्याचा रस.

"अगं, मला काय झालं नाय!"

"वाचलंय कुणी? तुमी का मी?"

गावभर झालं. नणंद ऊर बडवत आली. शेजारीपाजारी शेवटचं भेटल्यासारखे भेटून जायला लागले. धनी आमच्या बोंबलासारखे वाळले!

शेवटी पालघरच्या डॉक्टरांकडे नेलं. "साखर मी ओळखलीय. तुम्ही फक्त औषध लिहा."

डॉक्टरांनी लघवी नळीत घेतली, औषध घालून उकळली. रंग निळाच.

"साखर नाही, बाई."

"मग मुंग्या?"

धनी जमिनीकडे बघत म्हणाले, "नीरेचं मडकं लपवतो तिकडं. सांडते थोडी."

"मडकंभर प्यायल्यावर माणूस उठणारच," डॉक्टर हसले.

मी अशी तापले! पण बोलायच्या आधी मलाच बाहेर जावं लागलं. आले, बसले, पुन्हा उठले.

"बाई, तुम्हीच सारख्या जाताय. जळजळ होते?"

"उन्हात बसते. उष्णता ती."

"ताप?"

"असते कणकण."

"बाजारात पाणी पिता?"

"पिऊन जायचं कुठं? बायामाणसाला आडोसा हाय काय तिकडं? दिवेलागणीपर्यंत दाबून बसतो आमी!"

डॉक्टरांचं हसू गेलं. माझी लघवी तपासली. तिच्यात पू!

"अजून अंगावर काढलं असतंत, तर मूत्रपिंडावर गेलं असतं. जळजळ, ताप, लघवीत रक्त, नाहीतर सारखी तहान लागून माणूस वाळायला लागला, की यायचं. मुंग्यांची वाट बघायची नाही."

घरी आलो. नणंद दारातच. "दादा, काय म्हणाला डॉक्टर?"

"मला भात चालू, होडी चालू," धनी ऐटीत म्हणाले. "औषधाची बाटली हिची हाय!"

बरी झाल्यावर बाजारात गोणपाटाचा आडोसा मीच उभा केला, शेजारी पाण्याची कळशी ठेवली. बाया विचारायच्या, "एवढी अक्कल आली कुठून गं?"

"वाचून!" मी म्हणायची.

"मुंग्या बघून," धनी म्हणायचे.