नवव्या होलवरचे तळे

सौदीतल्या जुबैलमध्ये माझी मुलगी राहते, त्या वसाहतीच्या गोल्फ समितीची इतिवृत्ते दोन हिवाळे मी लिहिली. सभासदांपैकी कोणालाही सलग तीन वाक्ये शुद्ध लिहिता येत नसल्यामुळे हे काम माझ्यासारख्या निवृत्त मुख्याध्यापिकेकडे आले. इतिवृत्तात ठराव तेवढे जातात. बाकीचे लिहिणाऱ्याच्या डोक्यात साठत राहते. माझ्या डोक्यात बरेच साठले आहे.

सभेचा विषय नेहमी एकच असे : नवव्या होलवर साचणारे पाणी. वाळवंटात तळे झाले, याचा दोष मैदानाचे फोरमन हमीदभाई यांच्यावर आला. हमीदभाई गुहागरचे. अध्यक्ष दिवेकरांनी त्यांना बजावले होते, "फेब्रुवारीच्या स्पर्धेपर्यंत पाणी हटले नाही, तर तुमचा करार संपला समजा." करार गेला की इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवानाही गेला, आणि हमीदभाईंची मुलगी तर नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती.

*

एकदा भर पावसात मैदानावरचे स्प्रिंकलर सुरू होते. दिवेकरांनी मोटारीची काच खाली केली.

"हमीदभाई, पाऊस पडतोय, दिसत नाही का?"

"दिसतंय, साहेब. पाणी बंद करायचा अर्ज मंगळवारीच दिलाय. सहीसाठी अडकलाय."

"कोणाच्या?"

"तुमच्याच."

*

पुढे एक सल्लागार नेमले गेले. तीन दिवस ते यंत्र घेऊन मैदानावर फिरले. त्यांच्या जाडजूड अहवालाचा निष्कर्ष असा होता : 'पाणी प्रामुख्याने सखल भागात साचते.'

हमीदभाईंना तो मी वाचून दाखवला. त्यांनी मन लावून ऐकला.

"म्हणजे बाई, थोडं चढावर पण साचतंय काय?"

*

एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, हमीदभाईंनी गावी भाताच्या खाचराला काढतात तसा चर खणला. दुपारपर्यंत तळे रिकामे झाले. शनिवारी दिवेकरांनी तो चर बुजवायला लावला. मैदानाच्या ड्रॉइंगमध्ये चर नव्हता.

"साहेब, तळं तरी ड्रॉइंगमध्ये कुठं हाय?"

"उलट उत्तरे देऊ नका."

सोमवारी तळे पुन्हा आपल्या जागी हजर होते.

*

स्पर्धेला आठवडा उरला असताना सल्लागारांनी जमिनीखालच्या निचऱ्याच्या नळांत कॅमेरा सोडला. नळ स्वच्छ होते. ज्या तोंडातून पाणी बाहेर पडायचे, ते मात्र नव्या चहामंडपाच्या काँक्रीटखाली गाडले गेले होते. त्या मंडपाची जागा दिवेकरांनी स्वतः निवडली होती आणि फीतही त्यांनीच कापली होती.

"मंडप हलवावा लागेल," सल्लागार सभेत हळूच म्हणाले.

सर्व सभासद आपापले कप न्याहाळू लागले. हमीदभाई दाराशी उभे होते.

दिवेकरांनी घसा साफ केला. "कोणत्याही चांगल्या गोल्फ मैदानावर पाण्याचा एक अडथळा असतोच. आपल्याकडे तो नव्हता."

ठरले ते असे : नवव्या होलवरील पाणी हा खेळातील अधिकृत अडथळा मानावा. सूचक : अध्यक्ष दिवेकर; अनुमोदक : सल्लागार. या पाण्याची पातळी कधीही खाली जाऊ नये, ही जबाबदारी हमीदभाईंकडे राहील व त्यासाठी त्यांचा करार दोन वर्षांनी वाढवावा. विरोधात कोणीही नाही.

माझाही हात वर होता.