काजळीखालचा पाद्री

माझ्या वर्गात होती तेव्हापासून डॉर्कसला डाग सहन होत नसे. मुलांचं लिहून व्हायच्या आत ती फळा पुसून मोकळी व्हायची. पुढे चाळीस वर्षं तिने आमच्या गावच्या 'लंगडा हंस' या पबची झाडलोट केली.

एका बांधकाम कंपनीला तो पब पाडून घरं बांधायची होती. इमारत खरोखर जुनी ठरली तरच वाचणार होती, आणि ते ठरवायला सरकारी तपासनीस येणार होते. पाहुणे येणार म्हणून डॉर्कसने सकाळीच भिंतीतल्या शेकोटीवरची लाकडी तुळई सोड्याने घासली. तीनशे वर्षांची काजळी बादलीत गेली.

"अगं बये, तोच तर आपला पुरावा होता!" पब चालवणारा विल्फ ओरडला.

"पुरावा कसला? घाण होती ती."

तपासनीस आले. उजळ लाकडावर कुणीतरी कोरलेला पाद्री दिसत होता. गाढवाचे कान, उघडं ढुंगण आणि खाली साल १६८४. त्यांनी टेप लावून मापं घेतली.

"सतराव्या शतकातलं ढुंगण आहे हे," ते गंभीरपणे म्हणाले. "पब पाडता येणार नाही."

विल्फने त्यांना मिठीच मारली.

डॉर्कसने बादली उचलली. "झालं ना बघून? मग आता हेही घासून काढते."

तेव्हापासून तिचा ब्रश विल्फ कुलपात ठेवतो.