जळजळणारा थेंब

माझे सासू-सासरे मुरबाडजवळच्या आमच्या गावात राहतात. नवरा आणि मी आसनगावात. मी औषधाच्या कंपनीत प्रयोगशाळेत काम करते. वेगवेगळ्या द्रावणांत विरघळवलेलं औषध महिनोन्‌महिने उबेत आणि गारव्यात ठेवायचं, आणि मधूनमधून ते किती शिल्लक राहिलंय हे तपासायचं. घरच्यांना या कामात सांगण्यासारखं कधी काही वाटलं नाही, मलाही नाही.

मग सासऱ्यांना काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याला कडेचं दिसेनासं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, पण रोज थेंब टाकले तर उरलंय ते टिकेल. पुढच्या तपासणीला मात्र डोळ्यातला दाब उलट वाढलेला निघाला.

“थेंब टाकता ना नेमाने?” डॉक्टरांनी विचारलं.

“टाकतो तं,” सासरे म्हणाले.

घरी आल्यावर सासूबाईंनी मला चुलीपाशी बोलावलं. “टाकत नायत गो ते. माज्यादेखत डोकी वर करतात नि थेंब गालावर सोडतात.”

सासरे ओट्यावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. एरवी आमचं बोलणं जेवणाखाण्यापुरतंच असायचं.

“बाबा, का नाही टाकत?”

“जलतं,” ते अंगणाकडे बघत म्हणाले. “ माज्या आयशीच्या डोल्यात कोनीतरी पाल्याचा रस पिलला व्हता. अशीच जलजल. मंग तिला दिसायचंच गेलं. आमी हात धरून न्यायचो तिला. उरलंय तेवढं तरी ऱ्हाऊ दे म्हनून नाय टाकत.”

ते नजर जपण्यासाठीच औषध टाळत होते.

“बाबा, ही जळजळ तशी नाही,” मी म्हणाले. “हे औषध नुसत्या पाण्यात नीट टिकत नाही. त्याला जरा आंबट पाणी लागतं. तो आंबटपणा बाटलीत तसाच राहावा म्हणून त्यात क्षार घालतात, त्याला बफर म्हणतात. डोळ्याला आंबट सोसत नाही, म्हणून जळतं.”

“मंग नका घालू आंबट.”

“मग औषध बाटलीतच बिघडेल. म्हणून बफर घालतात, पण मुद्दाम दुबळा ठेवतात. डोळ्याला पाणी सुटलं की त्याचा जोर संपतो.”

त्यांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी आंबटपणा दाखवणारे कागद घेऊन गेले. बाटलीतला एक थेंब कागदावर टाकला; कागद पिवळा झाला, म्हणजे आंबट. मग त्यांनी धीर करून डोळ्यात थेंब घेतला, ओठ घट्ट मिटले. सासूबाईंनी नकळत त्यांचा हात धरला. लगेच गालावर आलेलं पाणी मी दुसऱ्या कागदाने टिपलं, तोही पिवळट झाला. जरा थांबून पुन्हा पापणीखालचं पाणी टिपलं. हा तिसरा कागद हिरवा झाला.

“हा रंग तुमच्या डोळ्यातल्या पाण्याचा,” मी म्हणाले. “आंबटपणा गेला.”

त्यांनी तिन्ही कागद उजव्या डोळ्याजवळ धरून पाहिले.

“आयशीला हे कोनी सांगितलं नाय,” एवढंच बोलले. डोळा अजून पाणावलेला होता. औषधाने की कशाने, मी विचारलं नाही.

त्यानंतरच्या तपासणीत दाब उतरलेला होता. डावीकडून कुणी आलं तर त्यांना आजही कळत नाही. त्या बाजूने जाताना आम्ही आधी हाक मारतो. रोज संध्याकाळी सासूबाई ओट्यावर बसतात आणि ते त्यांच्या मांडीवर डोकं टेकतात. चारचौघांत एकमेकांना नावाने हाक न मारणारी ही दोघं. सासूबाई थेंब टाकतात, औषध डोळ्यातच राहावं म्हणून नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटाने हलकेच दाबून धरतात.

“जलतं?” त्या विचारतात.

“जलतं,” ते म्हणतात, आणि तसेच पडून राहतात.