बेन्सियनचा बॉस्फरस

माझा नवरा बेन्सियन खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात. पस्तीस वर्षं संसार केलाय, मला नाही कळणार तर कोणाला? ऑगस्टपासून ते कान सारखे लाल दिसायला लागले आणि माझ्या डोक्यात किडा शिरला.

तसा माणूस अगदी गरीब गाय. टोरोंटोजवळच्या व्हिटबीच्या एका गोदामात बावीस वर्षं फोर्कलिफ्ट चालवून रिटायर झाला. जन्म रेवदंड्याचा, पण पाण्याला असा भितो की टोरोंटो आयलंडच्या फेरीबोटीतसुद्धा डोळे मिटून बसतो. आणि आम्हा ज्यूंचा शब्बाथ म्हणजे शब्बाथ! शुक्रवारी सूर्य मावळला की गाडी, फोन, सगळं बंद. सख्खी बहीण वारली तो फोनसुद्धा ह्याने शनिवारी उचलला नव्हता.

असा हा माणूस एका शनिवारी सकाळी फोन घेऊन बेसमेंटमध्ये उतरला! "फर्नेसचा फिल्टर बघतो," म्हणे. शब्बाथला फिल्टर? मला काय दुधखुळी समजतो?

तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. मी सोडते होय! सोमवारी हा ग्रोसरीला गेला आणि मी बेसमेंट पालथं घातलं. टूलबॉक्सच्या तळाशी दुकानाच्या एका जाहिरातीच्या फ्लायरमागे पेनाने काढलेला नकाशा सापडला. पाण्याची वेडीवाकडी पट्टी, डावीकडे 'युरोप', उजवीकडे 'आशिया', वर 'काळा समुद्र', खाली 'इस्तंबूल'. प्रत्येक वळणावर फुली. कडेला लिहिलेलं: 'बॉस्फरस. सर्वांत अरुंद जागी सातशे मीटर. खाली येताना प्रवाहाबरोबर, लवकर. वर जाताना प्रवाहाविरुद्ध, जास्त वेळ.' आणि 'जास्त वेळ'च्या खाली दोन रेघा.

मी नकाशा होता तसा परत ठेवला. फेरीबोटीला भिणारा माणूस ही सामुद्रधुनी पाठ करतोय ती कशाला? नक्की कोणीतरी आहे तिकडे. बाईच असणार. ह्या वयात माझा संसार मोडणार, दुसरं काय!

आणि सांगणार कोणाला? आमचा मुलगा योआव दोन वर्षं माझ्याशी बोलत नाही. ग्वेल्फच्या ऊर्मीशी त्याचं जमलं होतं. मी चोरून त्याचा फोन वाचला, तिला फोन लावून उलटतपासणी घेतली. ती नातं तोडून मोकळी झाली, आणि हा नोकरी शोधतो म्हणून हॅलिफॅक्सला, बंदराच्या शहरात, निघून गेला. चूक माझीच होती, पण तसं म्हणायला जीभ रेटली नाही.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, सकाळी दहाला, बेन्सियन पुन्हा फोन घेऊन खाली. मी चपला काढल्या आणि हळूच जिन्यात जाऊन उभी राहिले. आज रंगेहाथ धरायचंच. खालून फोनच्या स्पीकरवरचा आवाज आला:

"कॅन यू सी, डॅडी? धिस साइड युरोप, दॅट साइड एशिया."

योआव! माझा योआव!

"कठड्यापासून लांब राहा रे," बेन्सियन म्हणाला. "आज जहाज वर चाललंय ना? म्हणजे वेळ आहे."

"येस, करंट अगेन्स्ट आहे. बट ब्लॅक सी आला की सिग्नल गेला. इथे दोन्ही साइडला टॉवर्स आहेत."

"मम्मीला सांगू का आता तरी?"

"नो, प्लीज. शी विल स्टार्ट अगेन. हू, व्हेअर, व्हाय. आय विल हँग अप, डॅडी."

"बरं बाबा. नाही सांगत."

ह्या पोरासाठी ह्याने शब्बाथ मोडला होता, आणि मी, मेली, दुसऱ्या बाईला शोधत होते. स्वेटरची बाही दातांत धरून मी तशीच उभी राहिले. दोघं थंडीचं बोलले, इंजिनाच्या आवाजाचं बोलले, मी एकेक शब्द ऐकला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज कानावर पडत होता. मग तो तुटत तुटत गेला.

बेन्सियन वर यायला निघाला आणि मला पाहून जागीच थबकला. "पर्ल, अगं, मी..."

कुठलं जहाज, कधीपासून, माझ्यापासून का लपवलंत, सगळं ओठांवर आलं होतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "जेवला का तो?"

बेन्सियन पायरीवर बसला. डोळे पुसत म्हणाला, "जेवला. ऐकत होतीस, मग एक हाक तरी मारायचीस गं!"

"त्याने फोन ठेवला असता," मी म्हटलं.