एक पेला पाणी

आमच्या मायचा राग दिसायचा नाही, ऐकू यायचा. रागावली की ती वरण घोटायला बसायची. पितळी गंजात लाकडी रवी अशी गरगरायची की शेजारची काकू भिंतीपलीकडून विचारायची, "आज कोनावर वं?" माय रवी आणखी जोरात फिरवायची. खरं तर गंजात डाळ इतकी थोडी असायची की घोटण्यासारखं फारसं काही नसायचंच. पण राग भरपूर होता आणि तो कुठेतरी काढायला हवा होता.

रागाला कारणं होती. आम्ही सात भावंडं, आणि बाबा अकोल्यात नगरपालिकेच्या शाळेत मास्तर. महिन्याच्या महिन्याला पगार येई, म्हणून लोक आम्हाला खाऊनपिऊन सुखी म्हणत. माझ्या दोन भावांत शाळेचा सदरा एकच होता. एकाची शाळा सकाळची, दुसऱ्याची दुपारची. सकाळचा धावत घरी आला की माय दारातच त्याच्या अंगातला सदरा काढायची आणि दुसऱ्याच्या अंगात घालायची. अकोल्याचं ऊन ते. सदरा ओलाचिंब असायचा. "घाम बी वाटून घ्या लागते या घरात," ती म्हणायची. बाबा हसायचे. तिला हसू यायचं नाही, आणि मला तर आज साठी उलटल्यावरही येत नाही.

मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, तेल्हाऱ्याला असत. घरची कपाशीची शेती, आणि लेकरं दोनच. त्यांनीच बाबांना शिकवलं होतं, त्यामुळे त्यांच्यापुढे बाबांची मान कधी वर झाली नाही. आमच्याकडच्या प्रत्येक बारशाला ते येत, बुंदीचा लाडू तोंडात टाकत आणि म्हणत, "लेकरू काय जड होते? वरनात एक पेला पानी जास्त." सगळी मंडळी हसायची. आत रवी गरगरायला लागायची.

सातव्या वेळी माय मरता मरता वाचली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बाबांना स्पष्ट सांगितलं, आता आणखी नको, ऑपरेशन करून घ्या. मायला तेच हवं होतं. फक्त बाबांची सही लागत होती. पण बाबा म्हणाले, दादाला विचारून सांगतो.

मोठे बाबा आले. पाटावर बसता बसताच त्यांनी निकाल दिला की आपल्या घराण्यात असले धंदे कोणी केले नाहीत, आणि वर ते पेल्याचं वाक्यही ऐकवलं. माय भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिरांशी, कधी थेट बोलत नसे. डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभी राही आणि जे सांगायचं ते माझ्याकरवी सांगे. त्या दिवशी तिनं वाढलेलं वरण ताटभर पळालं, भाताची शितं त्यात तरंगायला लागली. मोठ्या बाबांनी मला विचारलं, हे काय आहे?

"तुया मोठ्या बाबाले सांग," माय दाराआडून म्हणाली, "सात लेकरं हायेत. हिशोबानं सात पेले पानी टाकलं."

त्यांना ते ऐकू गेलंच होतं. तरी मी शब्द न् शब्द पुन्हा सांगितला. मोठे बाबा ताटात हात धुवून उठले. आणि बाबा? बाबा त्यांची पिशवी उचलून, विनवण्या करत, मोटार स्टँडापर्यंत त्यांच्या मागे गेले. सही झाली नाही.

आठव्या वेळी माय दवाखान्यात गेली ती परत आली नाही. बाळही गेलं. लोक म्हणाले, नशीब. नशीब कसलं डोंबलाचं? एका सहीचं काम होतं.

तेरवीला मोठ्या बाबांनी तेल्हाऱ्याहून तुरीच्या डाळीचं पोतं आणलं. माय जिवंत असताना कधी मूठभर आणली नाही, मेल्यावर पोतं. त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा असं वरण शिजलं की पळी त्यात उभी राहावी. वाढायला मीच होते. मोठ्या बाबांनी दुसऱ्यांदा वरण मागून घेतलं आणि चांगलं घट्ट झालं म्हणाले.

आता दाराआड कोणी नव्हतं. तरी मी मायचंच बोलणं सांगितलं. "मोठे बाबा, घरातलं एक मानूस कमी झालं ना. म्हनून या वक्ती पानी नाही टाकलं."

बाबा भाताचं पातेलं घेऊन उभे होते, तसेच उभे राहिले. मायच्या बोलण्यावर मोठे बाबा ताटावरून उठले होते. माझ्या बोलण्यावर उठले नाहीत. मान खाली घालून त्यांनी ताटातलं सगळं संपवलं. डाळ त्यांची होती.